निळा लगदा आणि दाखल क्रमांक एकेचाळीस

आजोबांनी चौतीस वर्षं ग्रंथालयात नोकरी केली आणि तेवढ्या काळात एकाही पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडला नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर शुक्रवारी सकाळी त्यांच्या हातून जे घडलं ते ऐकून एखाद्याचा समज व्हायचा की माणूस मुळातच बेछूट असणार.

प्रकरणाला सुरुवात झाली त्याआधीच्या शनिवारी दुपारी, जेवणानंतर. आजी लेकीच्या बाळंतपणासाठी परगावी गेल्या होत्या आणि तीन महिने परतणार नव्हत्या. त्या जाईपर्यंत भिंगरीला त्याच सांभाळत. भिंगरी म्हणजे नात, वय वर्षं अडीच. कागदोपत्री तिचं नाव चांगलं भारदस्त आहे, पण त्या नावाने हाक मारून होईपर्यंत ती पुढच्या खोलीत गेलेली असते, म्हणून घरात ते कोणी वापरत नाही. आजी गेल्यावर सूनबाईंनी पंधरा दिवसांची रजा काढली, तीही संपली. सोमवारपासून सकाळी नऊ ते दुपारी दीड भिंगरीचं काय करायचं, हा प्रश्न होता आणि चिरंजीवांनी त्याचं उत्तर सोबतच आणलं होतं: पाळणाघराचा छापील अर्ज, भरलेला, दोघांच्या सह्या झालेला. एकच जागा शिल्लक होती. ती शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत राखून ठेवायचं पाळणाघराच्या बाईंनी कबूल केलं होतं.

"मी सांभाळतो तिला," आजोबा म्हणाले.

चिरंजीव आणि सूनबाईंनी आधी एकमेकांकडे पाहिलं, मग आजोबांकडे. घरातलं कपाट बोललं तर ते काय बोललं यापेक्षा बोललं कसं याचंच नवल वाटावं, तसं.

"बाबा, सांभाळता म्हणजे काय करणार?" चिरंजीवांनी विचारलं.

"वाचून दाखवीन."

"ती पुस्तकं खाते."

हे खरं होतं.

"टीव्ही नाही, मोबाइल नाही," सूनबाई म्हणाल्या. "साडेचार तास असतात ते, बाबा. तुम्हाला त्रास नको व्हायला."

"रंगकाम करू," आजोबांच्या तोंडून निघून गेलं. "चित्रं, ठसे, कातरकाम. लहान मुलांना आवडतं म्हणतात."

चिरंजीव थोडे हसले. ते हसणं आजोबांना लागलं, कारण त्यामागचं कारण त्यांना ठाऊक होतं. चिरंजीव तीन वर्षांचे असताना त्यांनी ग्रंथालयाच्या एका पुस्तकात लाल पेन्सिलीने रेघोट्या ओढल्या होत्या. तेव्हा आजोबांनी पोराला रागे भरून पेन्सिल कपाटाच्या वर ठेवून दिली होती. ती बहुधा अजून तिथेच असावी.

"शुक्रवारपर्यंत बघू," चिरंजीव म्हणाले. "नाही जमलं तर अर्ज देऊन टाकू." आणि त्यांनी तो अर्ज फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लावून ठेवला. पाणी प्यायला गेलं तरी दिसायचा.

आजोबांना हे एवढं का हवं होतं, ते त्या बैठकीत सांगता आलं नाही. आजी घरात असेपर्यंत भिंगरीच्या लेखी ते फर्निचरपैकी होते. आजी गेल्यापासून मात्र ती रोज सकाळी त्यांच्या खुर्चीपाशी यायची, आपली एक सपात त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर चढवायची आणि काही न बोलता निघून जायची. एवढंच. पण ही गोष्ट सकाळी सव्वानऊला घडायची आणि सोमवारपासून सव्वानऊला ती पाळणाघरात असणार होती. आता अडीच वर्षांच्या मुलीच्या सपातेवर माणसाने आपला दिवस बेतावा का? त्यांनी मात्र तो बेतला होता.

ते त्याच संध्याकाळी आपल्या जुन्या ग्रंथालयात गेले आणि चार पुस्तकं घेऊन आले. कुठलंही काम करायच्या आधी त्या विषयावरची चार पुस्तकं वाचायची, हा त्यांचा शिरस्ता. लग्नाआधीही त्यांनी तीन वाचली होती. चौथं कोणीतरी नेलेलं होतं आणि पुढे जे जे चुकत गेलं त्यावरचा उपाय त्या चौथ्यात असणार, असं त्यांना अजूनही वाटतं.

रविवारभर त्यांनी टिपणं काढली. प्रत्येक उपक्रमाला एक कार्ड, अशी चाळीस कार्डं झाली. चारही पुस्तकांचं दोन गोष्टींवर एकमत होतं. पहिली, मूल काय काढतं याला महत्त्व नाही, त्यात ते रमलं पाहिजे. दुसरी, मुलाला "हे काय आहे?" असं कधीही विचारू नये. दुसरीखाली त्यांनी दोनदा रेघ मारली.

शिवाय त्यांनी दाखलनोंदवही काढली. ग्रंथालयात पुस्तक आलं की आधी या वहीत चढतं, त्याला क्रमांक पडतो, मग ते कपाटात जातं. निवृत्त होताना सहकाऱ्यांनी "काय हवं?" असं विचारलं, तेव्हा आजोबांनी एक कोरी नोंदवही आणि तारखेचा शिक्का मागून घेतला होता. आता त्यांनी रकाने आखले: दाखल क्रमांक, तारीख, वर्णन, कागद, स्थिती, शेरा. शेऱ्याचा रकाना वरिष्ठांसाठी असतो. तो कोण भरणार, हे त्यांना माहीत नव्हतं, पण रकान्याशिवाय नोंदवही म्हणजे बटणाशिवाय सदरा.

सोमवारी बटाट्याचे ठसे होते. पुस्तकात म्हटलं होतं, "बटाटा अर्धा कापून त्यावर सोपा आकार कोरावा." आजोबांनी पट्टी आणि पेन्सिल घेऊन पाच टोकांची चांदणी आखली आणि चाळीस मिनिटं खपून कोरली. पाचही कोन सारखे आले. भिंगरीने ती चांदणी रंगात बुडवली, कागदावर एकदा आपटली, चावून पाहिली आणि खिडकीतून खाली टाकली. या सगळ्याला एक मिनिट लागलं. मग तिला रंगाच्या बाटलीचं झाकण सापडलं. ते तिने उघडलं. बंद केलं. उघडलं. बंद केलं.

आजोबांनी कार्ड पाहिलं. झाकणाबद्दल त्यात काही नव्हतं. पण मूल रमलं होतं, तेव्हा त्यांनी प्रामाणिकपणे नोंद केली: "क्र. २. काहीच काढले नाही. झाकण एकवीस वेळा उघडले व बंद केले. स्थिती: समाधानी."

आजोबा नोंदीवर शिक्का मारत असताना भिंगरीने मान वर केली. तारखेचा शिक्का तिने पहिल्यांदाच पाहिला होता. चाळीस मिनिटं राबून कोरलेल्या चांदणीने जे साधलं नाही ते त्या शिक्क्याने एका "ठप्प"मध्ये साधलं. दुपारपर्यंत अठरा कागदांवर, टेबलाच्या चारही पायांवर, भिंगरीच्या पोटावर आणि कपाळावर सोमवारची तारीख उमटली होती.

संध्याकाळी चिरंजीवांनी लेकीच्या कपाळाकडे निरखून पाहिलं. "बाबा, हिला परत कधी करायचंय?"

आजोबांनी चित्रं वाळत घातली होती जिन्याच्या कठड्यावर, त्यामुळे इमारतीत बातमी पसरली होती. त्यांचं शेजाऱ्यांशी इतक्या वर्षांत "नमस्कार" आणि "पाणी आलं का" यापलीकडे बोलणं गेलं नव्हतं. आता जो तो थांबून सल्ला देऊ लागला. वरच्या मजल्यावर निवृत्त मुख्याध्यापिकाबाई राहत. त्या सगळी चित्रं तपासल्यासारखी पाहून म्हणाल्या, "हाताला वळण नाही. हात धरून गोल काढायला शिकवा. गोल आला की सगळं आलं."

"पुस्तकात म्हटलंय, हात धरू नये."

"पुस्तक लिहिणाऱ्याला मुलं असतील असं नाही."

तळमजल्यावर औषधाचं दुकान होतं. औषधवाल्यांनी रंगाची बाटली दिव्याकडे धरली, वरचं सगळं बारीक अक्षर वाचलं आणि मान हलवली. "हे पोटात गेलं तर? मुलं बोटं तोंडात घालतात, आजोबा. घरचा रंग करा. हळद घ्या. हळदीने काही होत नाही."

मंगळवारी आजोबांनी हळद घेतली. मैद्याची पातळ खळ शिजवली, तीत चार चमचे हळद घातली आणि भिंगरीपुढे परात ठेवली. तिने हात घातले, मग पाय घातले, मग परातीत बसली. एवढी रमलेली ती कधीच दिसली नव्हती आणि आजोबांना वाटलं, जमलं. फ्रिज तिच्या उंचीइतका पिवळा झाला. अर्ज थोडक्यात वाचला, कारण तो तिच्या हाताच्या वर होता.

मग आजोबांनी तिला साबण लावला. हळदीला साबण लागला की ती लाल होते, ही गोष्ट चारही पुस्तकांत नव्हती. आजोबा जितकं धूत होते तितकी भिंगरी लाल होत होती. घाबरून त्यांनी तिला तशीच उचलली आणि तळमजल्यावर नेली.

औषधवाले गंभीर झाले. तिच्या डोळ्यांखालची कातडी ओढून पाहिली. "वरून पिवळी आहे, खालून लाल आहे. हे कावीळ आणि गोवर एकदम दिसतंय. डॉक्टरांना दाखवा."

"हळद आहे ही," आजोबा पुटपुटले.

"हळद कोणी लावली एवढी?"

"तुम्हीच काल म्हणालात."

"मी घ्या म्हणालो. माखा म्हणालो नव्हतो."

दीड वाजता सूनबाई आल्या. दारात उभ्या राहून त्यांनी लेकीला नीट पाहिलं. शांतपणे म्हणाल्या, "बाबा, हिचा मूळ रंग कुठला होता ते आठवतंय ना तुम्हाला?"

त्या दुपारी आजींचा फोन आला. "अहो, ऐकलंत का. एक भांडं पाणी द्या आणि एक ब्रश. गॅलरीची भिंत पाण्याने रंगवू दे तिला. वाळलं की पुन्हा रंगवते. तास दीड तास जातो."

"हे कुठल्याच पुस्तकात नाही."

"मी लिहिलं नाही म्हणून नाही."

आजोबांनी ते कार्डावर उतरवून घेतलं, पण चाळीस कार्डांच्या शेवटी ठेवलं. क्रम म्हणजे क्रम. आणि आता ते इरेला पेटले होते. सोमवार शिक्क्यात गेला, मंगळवार हळदीत गेला. बुधवारच्या कार्डावर होतं: "कागदाचा लगदा."

हा उपक्रम त्यांना मनापासून आवडला होता. जुने कागद भिजवायचे, कुस्करायचे, खळ आणि रंग घालायचा आणि त्याचे गोळे, वाट्या, प्राणी करायचे. पुस्तकाने साहित्य दिलं होतं "वर्तमानपत्राची चार पानं". आजोबांकडे तीन महिन्यांची वर्तमानपत्रं होती, तारीखवार लावलेली. त्यातली चार पानं काढायची म्हणजे एक अंक अपुरा राहणार. अपुरा अंक ठेवण्यापेक्षा गठ्ठाच्या गठ्ठा संपवलेला बरा, हा विचार ग्रंथपालाशिवाय दुसऱ्या कुणाला सुचला नसता. त्यांनी तीन महिने भिजत घातले.

लगदा दोन बादल्या झाला. निळा रंग घातला. भिंगरीचे हात अजून हळदीने पिवळे होते, ते निळ्यात गेले आणि कोपरापर्यंत हिरवे होऊन बाहेर आले. ती खूष, आजोबा खूष. अकरा गोळे झाले. बारावा तिने त्यांच्या चष्म्यावर थापला. उरला दीड बादली लगदा. सव्वा वाजला होता, सूनबाई येण्यात होत्या, खोलीभर निळे ठिपके होते. आजोबांनी तो बाथरूमच्या मोरीत ओतला, वरून चार तांबे पाणी ओतलं आणि तो गुपचूप गेला. एवढं सगळं असं चटकन जाताना पाहून त्यांना बरंच वाटलं.

गुरुवारची सकाळ मात्र सोन्यासारखी गेली. भिंगरी खुर्चीपाशी आली, सपात त्यांच्या अंगठ्यावर चढवली, पण या वेळी निघून गेली नाही. "रंग?" तिने विचारलं. पहिल्यांदाच आजोबांनी कार्डांचा क्रम मोडला आणि शेवटचं कार्ड काढलं. पाणी, ब्रश, गॅलरीची भिंत. ती रंगवत होती, भिंत वाळत होती, ती पुन्हा रंगवत होती. सव्वा तास. आजोबा शेजारी पाटावर बसून होते. नोंद करायला वही उघडेपर्यंत चित्र नाहीसं व्हायचं. शेवटी त्यांनी लिहिलं: "क्र. ३८. पाण्याने भिंत. नोंद करेपर्यंत वाळले."

अकरा वाजता खालून आरडाओरडा ऐकू आला.

औषधवाल्यांच्या दुकानामागच्या बाथरूममधून निळी पेज वर आली होती. ती हळूहळू, घाई न करता, खोकल्याच्या औषधांच्या खोक्यांपर्यंत पोचली होती. सोसायटीचे सेक्रेटरी प्लंबरला घेऊन हजर झाले. हे सेक्रेटरी दरवर्षी बिनविरोध निवडून येतात, कारण दुसरं कोणी उभंच राहत नाही, पण वागतात मात्र अटीतटीची लढत जिंकल्यासारखे. त्यांनी सगळ्यांना जिन्यात बोलावलं. आजोबा भिंगरीला कडेवर घेऊन खाली गेले. तिचे हिरवे हात त्यांच्या गळ्याभोवती होते. मुख्याध्यापिकाबाईही आल्या.

प्लंबरने पाइपातून निळा गोळा काढला आणि उलटसुलट केला. "ह्यात छापलेलं दिसतंय. कोणी पेपर वाचून गिळला का?"

"ते माझ्या हातून झालं," आजोबा म्हणाले.

चौतीस वर्षं ज्या आवाजात बोलले त्याच आवाजात बोलले, त्यामुळे कोणाला ऐकू गेलं नाही.

"ते माझ्या हातून झालं."

"तुम्ही उभे राहू नका, ग्रंथपाल, खुर्ची घ्या," सेक्रेटरी म्हणाले आणि दुसऱ्या मजल्यावरच्या दोघा भाडेकरूंकडे वळले. "बोला. गेल्या वर्षी गच्चीवर गाणीबजावणी कोणाची होती?"

"गाण्याने पाइप तुंबतो का?" भाडेकरूंपैकी एक म्हणाला.

"सुरुवात तिथूनच होते."

"अहो, मी सांगतोय ना," आजोबा म्हणाले.

"आजोबा, तुमचा स्वभाव भिडस्त," औषधवाले समजुतीने म्हणाले. "दुसऱ्याचं अंगावर घेऊ नका."

आजोबांचा अपमान झाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एवढा मोठा उद्योग केला होता आणि त्याचं श्रेय भाडेकरूंना जात होतं. ते वर गेले, नोंदवही घेऊन खाली आले आणि चष्म्यावरचा वाळलेला निळा ठिपका नखाने काढून वाचू लागले. "दाखल क्रमांक एकोणतीस. बुधवार. लगदा, निळा. कागद: तीन महिन्यांची वर्तमानपत्रे. तयार गोळे: अकरा. उरलेला लगदा: दीड बादली. गेला: मोरीत. स्थिती: सुरळीत."

सेक्रेटरींनी वही ओढून घेतली.

"हे कोणी लिहिलं?" सेक्रेटरींनी विचारलं.

"मी."

"म्हणजे तुम्ही केलंत आणि वर त्याला नंबरही दिलात?"

"नंबर सगळ्यांनाच दिला आहे."

"शिक्का पण आहे," प्लंबर वाकून पाहत कौतुकाने म्हणाला. "माझ्या कामात एवढी व्यवस्थित माहिती कधी मिळत नाही."

पुढचा अर्धा तास सोसायटीच्या नियम सतरामध्ये गेला. "मोरीत घन पदार्थ टाकू नयेत." लगदा घन की द्रव, यावर औषधवाले म्हणाले घन, भाडेकरू म्हणाले द्रव, आणि मुख्याध्यापिकाबाईंनी "अर्धघन" असा निकाल दिला. अर्धघनाचा नियमांत उल्लेख नव्हता, तेव्हा सेक्रेटरींनी ते "इतर" या सदरात टाकलं. शुक्रवारी दिवसभर पाइप बदलायचं ठरलं. तोवर इमारतीचं पाणी बंद. आणि लेखी नोटीस निघाली. ती आजोबांना मिळाली असती तर त्यांनी एकवेळ पोचही दिली असती, पण घर चिरंजीवांच्या नावावर असल्यामुळे नोटीस चिरंजीवांच्या नावाने निघाली. स्वतःच्या गुन्ह्याची नोटीससुद्धा स्वतःला मिळू नये, याचं आजोबांना फार वाईट वाटलं.

चिरंजीव संध्याकाळी आले, नोटीस वाचली, घडी करून खिशात ठेवली. रागावले नाहीत. आजोबांच्या शेजारी बसून म्हणाले, "बाबा, तुम्ही मनापासून प्रयत्न केलात."

याहून वाईट वाक्य मराठीत नसावं. आजोबांना वाटलं, त्यापेक्षा पोराने रागे भरून पेन्सिल कपाटावर ठेवली असती तरी चाललं असतं.

"उद्या साडेपाचला येऊन मी अर्ज देऊन टाकतो," चिरंजीव म्हणाले. सूनबाई भिंगरीचे हिरवे कोपर खोबरेल तेलाने पुसत होत्या.

शुक्रवारी सव्वानऊला सपात अंगठ्यावर चढली.

"रंग," भिंगरी म्हणाली.

पाणी बंद होतं, म्हणजे गॅलरीची भिंत गेली. रंग बाटलीच्या तळाशी होता, निळा, चांगला बोटभर. कागद मात्र नव्हता. चित्रकलेचे कागद बुधवारीच संपले होते. वर्तमानपत्रं पाइपात होती. कार्डांच्या मागच्या बाजूही गुरुवारी वापरून झाल्या होत्या, वहीतले क्र. ३९ आणि ४० म्हणजे त्याच. आजोबांनी घरभर शोधलं. पुस्तकांची तीन कपाटं होती आणि प्रत्येक पुस्तकाला पुढे एक आणि मागे एक कोरं पान होतं. त्यांनी एक जाड कोश खाली काढला, पुढचं कोरं पान उघडलं आणि त्यावर हात ठेवून उभे राहिले. शेवटी कोश मिटून जागेवर ठेवला. नाही. माणसाला एवढं बदलता येत नाही.

"आबो, कागद," भिंगरी म्हणाली. तिने बाटलीचं झाकण उघडून ठेवलं होतं आणि आज बंद केलं नव्हतं. ती वाट बघत होती. सोमवारपासून ती वाट बघेल ती दुसऱ्या कोणाची तरी, दुसऱ्या कुठल्या तरी खोलीत.

आजोबा फ्रिजपाशी गेले. चुंबक काढला. अर्ज उलटा केला. मागची बाजू कोरी होती, पांढरीशुभ्र, जाड कागदाची. त्यांनी दोनदा डोळे मिटले आणि तो तिच्या पुढ्यात ठेवला.

तिने पाची बोटं बुडवली. आधी एक रेघ ओढली, मग ती रेघ वळवत वळवत आणून स्वतःलाच मिळवली. गोल झाला. कोणीही हात धरला नव्हता. त्या गोलाच्या मधोमध तिने बोट टेकवलं आणि बराच वेळ तसंच दाबून धरलं. मग मागे सरकून बघत बसली. आजोबांनी आठवडाभर पाळलेला नियम मोडला, दोनदा रेघ मारलेला.

"हे काय आहे?"

"मोरी," भिंगरी म्हणाली.

निळा रंग कागदात मुरला आणि पलीकडे वडिलांचं नाव, आईचं नाव, पत्ता आणि दोन सह्या यांच्यावर हळूहळू उमटला. आजोबांनी तो अर्ज खिडकीत वाळत घातला. मग वही उघडली. नोंद न करण्याचा विचार त्यांच्या मनात आला होता, हे इथे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. पण आलेल्या वस्तूला क्रमांक न देणं त्यांच्या हातून होईना.

साडेपाचला चिरंजीव आले ते सरळ फ्रिजपाशी गेले. "अर्ज कुठंय?"

आजोबांनी नोंदवही पुढे केली.

चिरंजीवांनी शेवटचं पान काढलं. "क्र. ४१. शुक्रवार. गोल, निळा, बोटाने. विषय: मोरी (स्वतः सांगितले). कागद: पाळणाघराचा अर्ज, मागील बाजू. कागद मी दिला." त्यांनी वर पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, पुन्हा वहीत पाहिलं. मग एक पान मागे गेले. मग आणखी एक. उभ्याने वाचता वाचता कधीतरी खुर्चीवर बसले. झाकणापाशी थांबले. पाण्याच्या भिंतीपाशी थांबले, आणि तिथे जास्त वेळ थांबले.

"माझ्या रेघोट्यांची नोंद केली होती?" त्यांनी वहीतून मान वर न काढता विचारलं.

"केली होती."

"काय?"

"पृष्ठ चौसष्ट, लाल पेन्सिल, खराब," आजोबा म्हणाले. मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "तेव्हा रकाने वेगळे होते."

सूनबाई खिडकीत उभ्या राहून अर्ज बघत होत्या. "सही गेली माझी," त्या म्हणाल्या. "अगदी मोरीत गेली." आणि मग त्यांना हसू आवरेना. "आता नवा अर्ज आणायचा, भरायचा, सह्या करायच्या. सहाच्या आत होतंय का ते?"

"धावत गेलो तर होईल," चिरंजीव म्हणाले. पण उठले नाहीत.

भिंगरी आली, आजोबांच्या अंगठ्यावर सपात आहे का ते पाहिलं, नव्हती, म्हणून चढवली. मग वडिलांच्या खिशातलं पेन काढून टोपण उघडलं. बंद केलं. उघडलं. चिरंजीवांनी ते उघडं असतानाच तिच्या हातून अलगद काढून घेतलं आणि वहीवर वाकले. आठवडाभर कोरा राहिलेला शेऱ्याचा रकाना त्यांनी शोधला. अक्षर मोठं होतं, रकाना अरुंद होता.

"सोमवारी कागद आणावेत. भरपूर. लगदा करू नये."

शेवटचे दोन शब्द रकान्याची रेघ ओलांडून पलीकडे गेले होते. आजोबांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले, शिक्का मारला आणि रेघेबाहेरचं तसंच राहू दिलं.